बिस्किटांच्या डब्यातल्या १६३ गोळ्या

२०१९ ची ईद आठवड्यावर आली होती. घर साफ करायला मी कोंडाण्याला माहेरी गेले होते. अम्मीच्या खोलीतली पत्र्याची पेटी पुढे ओढली तर तिच्या मागे बिस्किटांचा एक जुना गोल डबा निघाला. हातात घेतल्यावर खुळखुळला. सुया-दोरे असतील असं वाटलं. उघडला तर आत गोळ्या. पांढऱ्या, मोठ्या, लांबट. काही पाकिटातच, काही सुट्ट्या. पावसाळ्याआधीच्या दमट हवेनं सुट्ट्या गोळ्यांना पिवळट झाक आली होती. मी खाली बसून मोजल्या. मास्तरणीची खोड, दुसरं काय. १६३ भरल्या.

मेटफॉर्मिन. अम्मीच्या साखरेची गोळी.

त्याच खोलीच्या भिंतीवर मी स्वतः बनवलेला तक्ता लटकत होता. चौकटीच्या कागदावर उर्दूत तारखा, त्यापुढे सकाळ, दुपार, रात्र असे रकाने. जानेवारीपासून एकही रकाना रिकामा नव्हता. रोज तीन बरोबरच्या खुणा, अगदी सुबक. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. पंधरा वर्षांत खोटी हजेरी मी शंभरदा पकडली असेल. घरातली मात्र पाच महिने पकडता आली नाही.

अम्मीला विचारलं तर तिनं आधी डबा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "फेकणार कशा? पैसे दिलेत. इसराफ होतो."

म्हणजे गोळी न खाणं चालत होतं, खोट्या खुणा करणं चालत होतं, पण विकत घेतलेली वस्तू उकिरड्यावर टाकणं तिच्या ईमानात बसत नव्हतं. त्या वेळी मला राग आला. हसू यायला पुढे बराच काळ जावा लागला.

त्याआधी दहा-बारा दिवसांपूर्वी काय घडलं होतं ते सांगायला हवं, कारण डबा आणि ती संध्याकाळ एकमेकांना बांधलेले आहेत.

मे महिन्यातले रोजे. आमच्याकडे तेव्हा सहेरी पावणेपाचच्या आत संपायची आणि इफ्तार सात वाजून गेल्यावर. चौदा तासांहून जास्त. राजमाचीच्या पायथ्याला गाव असलं तरी मेमध्ये तिथला उकाडा कर्जतपेक्षा कमी नसतो. उल्हास नदी आटून दगड उघडे पडलेले. भाऊ खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर होता. घरी अम्मी, भावजय आणि तिची मुलं. असरनंतर अम्मी ओट्यावर बसली होती. अचानक घामानं चिंब झाली आणि भलतंच बोलू लागली. अब्बांना जाऊन सात वर्षं झाली होती, आणि ती भावजयीला म्हणते, "ते बाजारातून आले का बघ."

भावजयीला वाटलं नजर लागली. ती आयतुल कुर्सी पढून फुंकू लागली. त्यात तिची चूक नव्हती, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांना स्वतःला दहा वर्षांपासून साखर आहे. त्या तशाच आल्या, अम्मीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "नजर कसली? साखर उतरली हिची. पाणी आण, साखर टाक चांगली मूठभर."

पाणी आलं. अम्मीनं दात घट्ट आवळले. भान अर्धं गेलं होतं, पण इफ्तारला तास-दीड तास उरलाय एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आजींनी तिची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "भाबी, पी. पाप माझ्या माथी."

ती प्यायली. कोंदिवड्याहून टमटम बोलावून कर्जतला दवाखान्यात नेईपर्यंत पाऊण तास गेला. साखरेचं पाणी पोटात जाऊनही तिथे साखर ६१ भरली. ७० च्या खाली गेली की धोका. त्याआधी ती किती उतरली असेल याचा विचार मी अजून टाळते. रात्रभर ठेवून घेतलं, कारण तिच्या दुसऱ्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, असर तासन् तास राहतो. वर आली म्हणून घरी नेलेली साखर मध्यरात्री पुन्हा खाली जाऊ शकते.

आता डबा. अम्मीला साखर आहे हे २००८ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत कळलं. दहा वर्षं एका गोळीवर बरं चाललं. मग मेटफॉर्मिनचा डोस वाढला आणि तिथून तिनं ती गोळी गुपचूप सोडायला सुरुवात केली. रिपोर्ट बिघडला. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ९.८ आला. डॉक्टरांनी तक्ता पाहिला. मीच तर मोठ्या तोऱ्यात नेला होता, "बघा, एकही गोळी चुकत नाही." मग त्यांनी काय समजावं? औषध पुरत नाही. त्यांनी ग्लिमेपिराइड दुप्पट केली. ही गोळी लहान, गिळायला सोपी, पोटाला त्रास नाही. ती अम्मी इमानदारीत घेत राहिली. रमजान आला तेव्हा सहेरीला पूर्ण डोस घेऊन चौदा तास उपाशी. रोजे ठेवतेय हे तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही, ते नको म्हणतील म्हणून. त्यांनीही विचारलं नाही.

यात कुणाला एकट्याला धरायचं? मी तर आधी स्वतःलाच धरते. खोट्या तक्त्यावर खरं औषध वाढलं, आणि तो तक्ता माझा होता.

या विषयाला इंग्रजीत एक शब्द आहे. आधी डॉक्टर मंडळी 'कम्प्लायन्स' म्हणत, म्हणजे हुकूम पाळणं. आता 'ॲडहिअरन्स' म्हणतात, म्हणजे रोग्यानं समजून, पटवून घेऊन उपचाराला धरून राहणं. शब्द बदलला, कागदावर तरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ मध्ये यावर मोठा अहवाल काढला. त्यात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजारांत सरासरी निम्मेच रोगी उपचार नीट चालू ठेवतात. निम्मे. दवाखाना हाकेवर, औषध फुकट किंवा विम्यावर, तरी. गरीब देशांत त्याहून कमी. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं हे कबूल करते. अम्मी काही जगावेगळी नव्हती.

भाषा शिकवते म्हणून असेल, मला आपले दोन शब्द आठवत राहतात. आमच्या घरात आजारपणात 'परहेज' असतं. शेजारच्या आजींकडे 'पथ्य'. मुलांना मी दोन्ही एकाच अर्थाचे म्हणून शिकवत आले. पण परहेज म्हणजे टाळणं, लांब राहणं. त्याच घरातला शब्द परहेजगार, म्हणजे गुनाहापासून लांब राहणारा, नेक माणूस. पथ्य आलंय पथावरून, वाटेवरून. वाटेला धरून असलेलं, मानवणारं. आमच्या घरात साखर हा आजार कधी परहेजगारीच्या खात्यात गेला कळलंच नाही. दोन घास भात जास्त खाल्ला की अम्मीच्या चेहऱ्यावर गुन्हेगाराचा भाव. गोळी चुकली तर लपवायची, रोजा चुकल्यासारखी. आणि आम्ही मुलं पोलीस. "अम्मी, काय खाल्लं? खरं सांग." वर्गात ज्या आवाजात मी गृहपाठ विचारते, त्याच आवाजात. (आजींच्या घरी पथ्य शब्द असून परिस्थिती वेगळी होती असं समजू नका. त्याकडे येतेच.)

गोळी का सोडली, हे मात्र डबा सापडल्यावरही अम्मी मला बोलली नाही. "गळ्यात अडकते" एवढंच. ते खरंही होतं, ती गोळी खडूच्या तुकड्याएवढी असते. पण तेवढंच नव्हतं.

त्या रमजाननंतर आम्ही डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाई तरुण, मुसलमान नाहीत, कर्जतच्याही नाहीत. त्यांनी कागद पाहायच्या आधी एक गोष्ट केली. भावाला म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा बाहेर बसा." मग अम्मीला विचारलं, "आजी, या गोळीनं तुम्हाला त्रास काय होतो?"

घेता का, असं विचारलं नाही. त्रास काय होतो, असं विचारलं. अम्मी माझ्याकडे बघून, मग जमिनीकडे बघून, हळूच म्हणाली, "वारा होतो पोटात. वुजू टिकत नाही."

मी तिथेच बसले होते. पंचेचाळिशीला आलेली, शिकलेली, पाच वक्ताची नमाज पढणारी तिची मुलगी, आणि हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी. नमाजआधी हात, तोंड, पाय धुण्याची जी पाकी, ती वुजू. पोटातला वारा सरला की वुजू तुटते, पुन्हा करावी लागते. मेटफॉर्मिननं बऱ्याच लोकांना गॅस होतो, पोट बिघडतं, जुलाब होतात. डॉक्टरांच्या लेखी किरकोळ त्रास. पण अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले, नळ अंगणात, थंडीच्या दिवसांत घाटाच्या पायथ्याचं फजरचं पाणी. एका नमाजेसाठी ती तीनदा उठत होती. तरावीहच्या रात्री तर विचारूच नका. तिनं आपल्या परीनं हिशेब केला होता. नमाज एकीकडे, गोळी एकीकडे. गोळी डब्यात गेली.

दुसरं कारण तिनं त्याच दमात सांगितलं. माझी खाला कुर्ल्याला राहते. महिन्या-दोन महिन्यांनी अम्मी तिच्याकडे जायची. कर्जत लोकल, पावणेदोन तास, आणि लोकलमध्ये संडास नसतो. गोळी खाऊन पोट ढवळलं तर बदलापूरला उतरायचं की कल्याणला? म्हणून जायच्या आदल्या दिवसापासून गोळी बंद. पुढे पुढे गोळी बंद करूनही भीती जाईना, आणि जाणंच बंद झालं. आम्ही समजत होतो वय झालं, प्रवास नको वाटतो.

डॉक्टरीणबाईंना वुजू म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी विचारून घेतलं, कागदाच्या कडेला लिहिलं, आणि दहा मिनिटांत तोड काढली. तीच गोळी, पण पोटात हळूहळू विरघळणारी, एसआर. डोस सध्या कमी, आणि वेळ रात्रीच्या जेवणाबरोबर, म्हणजे जो काही वारा व्हायचा तो इशानंतर. पोटाला सवय झाली की पुढे बघू. ग्लिमेपिराइड बंद. तिच्या जागी विल्डाग्लिप्टिन, जी एकटी किंवा मेटफॉर्मिनबरोबर सहसा साखर खाली पाडत नाही. ती तेव्हा महाग होती. भावानं चेहरा केला. पण त्याच वर्षी डिसेंबरात तिचं पेटंट संपलं, अनेक कंपन्या ती बनवू लागल्या आणि किंमत झपाट्यानं उतरली. गरिबाच्या औषधपाण्यात पेटंटची तारीखही एखाद्या सणासारखी असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला सर्वांत आवडली. "आजींचा आकडा मला साडेसहावर आणायचा नाहीये." वय झालेल्या माणसात, सोबत इतर आजार असतील, साखर एकदा धोकादायक उतरून गेलेली असेल, तर तो आठच्या आत राहिला तरी पुरे असं आता मोठ्या वैद्यकीय संस्थाही म्हणतात. कारण वरच्या साखरेचं नुकसान वर्षांनी दिसतं, आणि खाली गेलेल्या साखरेनं माणूस आज संध्याकाळी पडतो, खुबा मोडतो. त्यातून म्हाताऱ्या माणसाची साखर उतरली तर ते ओळखू येत नाही. चक्कर, बरळणं, गोंधळ. घरचे म्हणतात वय झालं. आमच्याकडे म्हणाले नजर.

एक गंमतही सांगायला हवी. एसआर गोळी सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी अम्मीचा फोन. आवाज पडलेला. "बेटा, ही गोळी लागू होत नाही. जशीच्या तशी पडते." त्या गोळीतलं औषध झिरपून जातं आणि वरचं कवच कधी कधी तसंच शौचातून बाहेर पडतं. माहीत नसेल तर कुणालाही वाटेल पैसे पाण्यात गेले. गोळी लिहून देताना हे एक वाक्य सांगून ठेवलं तर किती गोळ्या डब्यात जायच्या वाचतील.

भाताबद्दलही बोलायला हवं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भात बंद. कर्जतमध्ये. जिथे कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, 'कर्जत-३' नावाचं बियाणं शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि पावसाळ्यात गावाच्या चारी बाजूंना दुसरं काही दिसत नाही. अम्मी वरवर हो म्हणाली. मग सगळे जेवून उठले की स्वयंपाकघरात उभ्यानं टोपातला भात खायची. मोजमाप कसलं? उभ्यानं, घाईनं, चोरून खाल्लेलं अन्न नेहमी जास्तच जातं. आता ती सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसते. आधी भाजी, डाळ किंवा मासळी, मग एक वाटी भात, सोबत नाचणीची अर्धी भाकरी. वाटी ठरलेली आहे. क्रमानंही फरक पडतो, भाजी-डाळ आधी गेली की साखर एकदम चढत नाही. ईदला शीरखुर्म्याची अर्धी वाटी, सर्वांसमोर.

माझ्या मनात बरेच दिवस असं होतं की हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार. आकडे वेगळं सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये आला. महाराष्ट्रात तेव्हा शहरांत सुमारे ११ टक्के आणि खेड्यांत साडेसहा टक्के प्रौढांना मधुमेह होता. २०२३ मध्ये पूर्ण देशाचं चित्र आलं. १० कोटींहून जास्त लोक. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ज्येष्ठांची जी देशव्यापी पाहणी २०१७-१८ मध्ये केली, तीत साठीपुढच्या दर सात जणांत साधारण एकानं आपल्याला मधुमेह असल्याचं सांगितलं. हे फक्त ज्यांना ठाऊक आहे ते. आशाताई आता तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, रक्तदाब आणि साखर तपासायला पाठवतात, सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. आजार सापडतो, गोळी हातात येते. पुढे त्या गोळीचं घरात काय होतं, याचा रकाना मला अजून कुठल्या फॉर्मवर दिसलेला नाही.

आणि रोजे? हा आमच्या घरातला खरा जखमेचा भाग.

आजाऱ्याला आणि मुसाफिराला रोज्यात सवलत आहे, हे कुरआनातच आहे. सूरह बकरात रोज्यांच्या हुकुमाला लागूनच ती सवलत येते. ज्याला पुढेही जमणार नाही त्यानं रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं, फिदया. मौलाना सांगतात, डॉक्टर सांगतात. तरी लोक ठेवतात. २००१ मध्ये १३ देशांत मिळून बारा हजारांवर मधुमेहींची एक पाहणी झाली. त्यात टाइप-२ मधुमेह असलेल्या सुमारे ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते, आणि साखर गंभीरपणे उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये साडेसात पट झालं होतं. म्हणजे 'ठेवू नका' एवढं सांगून काम होत नाही. आता मधुमेहाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं रमजानसाठी खास मार्गदर्शिका काढली आहे. वय, औषधं, मूत्रपिंड, आधी साखर उतरली होती का, हे बघून गुण द्यायचे आणि धोका ठरवायचा. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या. रोज्यात बोटातून रक्त तपासल्यानं रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, इफ्तारला पाच मिनिटं असली तरी. आपल्यातल्या ज्या कुणाच्या घरी साखरेचा माणूस रोजे ठेवतो, त्यांनी हे दोन आकडे फ्रिजवर लिहून लावावेत.

डॉक्टरीणबाईंनी अम्मीचे गुण मोजले आणि म्हणाल्या, आजी, तुम्ही नाही. अम्मीनं ऐकलं. २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला, फिदया भावानं आदिवासी वाडीत धान्य देऊन पुरा केला. मला वाटलं, प्रश्न सुटला.

पुढच्या वर्षी रमजानमध्ये एका दुपारी मी न सांगता गेले. अम्मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पदराआड जेवत होती. पाव आणि कालची भाजी. सहेरीला सगळ्यांना तीच उठवत होती, तीच सगळं करत होती, आणि स्वतःसाठी दुपारी काही शिजवायची तिला लाज वाटत होती. घर रोजात असताना चूल कशी पेटवायची? मला बघून तिनं ताटली झाकली. आठ वर्षांची असल्यापासून रोजे ठेवलेली बाई.

साखर आटोक्यात होती. रिपोर्ट ७.६ होता. डॉक्टरांच्या कागदावर सगळं उत्तम होतं.

त्यावर तोड मी काढली नाही, शहाणपण माझं नव्हतं. भावाची धाकटी तेव्हा पाच वर्षांची, तिचाही रोजा नसायचा. ती एका दुपारी दादीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, मलापण दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दादीला पोरीसाठी रोज दुपारी गरम काहीतरी करावंच लागलं. खिमट, अंडं, कधी तांदळाची भाकरी. दोघी ओट्यावर बसून जेवू लागल्या, उघड्यावर. पोरगी आता रोजे ठेवायच्या वयाला आली आहे आणि सुट्टीतले एक-दोन ठेवतेही. पण बाकीच्या दिवशी ती दादीबरोबर बसते. "दादीचा रोजा मी सांभाळते," असं ती शाळेत सांगते म्हणे. याचा अर्थ काय ते तिला विचारू नका.

अम्मी आता पंच्याहत्तरीला आली. तळपायाला मुंग्या येतात. त्यातला काही भाग साखरेचा, काही ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होतं, आणि आपल्याकडे मुळातच ते कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर बरंच काम केलंय. गोळी सुरू झाली, मुंग्या निम्म्या झाल्या. रात्री झोपताना भावजय तिचे तळवे बघते, कारण कोंबडीचा काटा रुतला तरी आता तिला कळत नाही. कुर्ल्याला ती वर्षातून तीन-चारदा जाऊन येते. तक्ता मी काढून टाकला. भिंतीवर त्याची चौकट अजून दिसते.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा पाऊस नुकता उघडला होता. लेण्यांकडे जाणाऱ्या पोरांच्या गाड्या गावातून हॉर्न मारत चालल्या होत्या. ओट्यावर अम्मी आणि शेजारच्या आजी बसलेल्या. माझी चाहूल लागताच आजी बोलायच्या थांबल्या. अम्मीनं त्यांना कोपरानं ढोसलं. "सांग, सांग. ओरडत नाही आता ती."

आजींनी कमरेचा बटवा सोडला. आत अर्ध्या गोळ्या. दातानं तोडलेल्या, सुरीनं कापलेल्या, काहींचा चुरा. आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. मुलगा पनवेलला असतो. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या आणि तिथवर जायला गाडीभाडं नसलं की विकतचं पाकीट महिनाभर पुरवायचं म्हणून त्या अर्धी घेतात, अर्धी ठेवतात. शिवाय एकादशीला नुसत्या पाण्यावर, पण गोळी पूर्ण.

मी एक अर्धी उचलून बघितली. एसआर. ही तोडली की तिचं हळूहळू विरघळणं संपतं, सगळं औषध एकदम पोटात उतरतं. ओरडायचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "आजी, त्रास काय होतो?"

"मळमळतं गं बाई. पण सांगायचं कुणाला?"

अम्मी उठली, आत गेली आणि तो बिस्किटांचा डबा घेऊन आली. त्यात आता खरंच सुया-दोरे असतात. ते तिनं मांडीवर काढून ठेवले आणि डबा आजींपुढे धरला. आजींनी बटवा त्यात उलटा केला. सोमवारी दोघी एकाच टमटमनं कर्जतला जाणार होत्या, डबा बरोबर घेऊन. गाडीभाडं मी देते म्हटलं तर अम्मी म्हणाली, "राहू दे. पाणी तिनं पाजलं होतं, भाडं मी देईन."